टायरवाल्याच्या कपाटातला करारनामा

ती तक्रार मी विसरलेलो नाही, कारण तिच्यापायी माझ्या हातून एका सरळ माणसाचं वाटोळं होता होता राहिलं. निवृत्तीला सहा-आठ महिने उरले होते आणि मी पनवेलमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात टायरच्या दुकानाचा तरुण मालक आला. दुकान वडिलांचं, गल्ल्यावर आता हा. सुकापूरच्या एका ट्रेलरवाल्याकडे त्यांची उधारी थकली होती. वडिलांनी नोटरीसमोर त्याच्याशी परतफेडीचा करार केला. तीस महिन्यांचे बिनव्याजी हप्ते आणि तारण म्हणून सही केलेला कोरा चेक. करारनामा आणि चेक असलेला लिफाफा कपाटातून गेला होता. रोकड मात्र जागच्या जागी. आदल्या दिवशी ट्रेलरवाला हप्ता भरायला आला होता आणि थोडा वेळ दुकानात एकटाच बसला होता.

दुपारी आमच्या खबऱ्याचा फोन आला. धाकटा शेट चेकवर पूर्ण रक्कम टाकून बँकेत भरणार, म्हणून ट्रेलरवाला घाबरलाय, असं त्याच्या कानावर आलं होतं. हेतू मिळाला, संधी मिळाली, माझं मत बनलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर माणूस स्वतःच्या अंदाजावर फार लवकर खूश होतो.

ट्रेलरवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, न्हावा शेवा बंदरातून कंटेनर वाहणारा. दोन गाड्यांपैकी एक कर्जापायी विकलेली. मी आवाज चढवला. गुन्हा दाखल झाला तर बंदरात जायचा पास जाईल, हेही सुनावलं. त्याचा चेहरा पडला. पास गेला की गाडी उभी, आणि गाडी उभी राहिली की घरात चूल नाही. पण त्यानं गयावया केली नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून कराराची लॅमिनेट केलेली झेरॉक्स काढली आणि रबर लावलेल्या एकोणीस पावत्या माझ्यापुढे ठेवल्या.

"साहेब, मी कशाला चोरू?" तो म्हणाला. "आधी चाचांचा, म्हंजे थोरल्या शेटचा, फोन आला का मी गाडी दुसऱ्या रस्त्यानं घालायचो. बायको सांगायची, घरात नाय. कागद झाला तवापासून दर महिन्याला मीच दुकानात जातो. चाचा चाय पाजतात. तो कागद हाय म्हणून मना झोप लागते."

मला हे पाठ करून आणल्यासारखं वाटलं. पण आमच्या हवालदार बाईंनी ती झेरॉक्स मागून घेतली आणि शेवटपर्यंत वाचली. मी नुसती रक्कम पाहिली होती. हप्ते वेळेवर येत आहेत तोवर चेक बँकेत भरायचा नाही, असं त्यात स्पष्ट कलम होतं. बाई म्हणाल्या, "सर, करारनामा गेला तर नुकसान याचंच आहे. यानं नुसता चेक उचलला असता."

कपाटाचं कुलूपही शाबूत होतं. किल्ल्या दोन, एक मुलाकडे आणि एक वडिलांकडे. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास, म्हणून वडिलांना मी काही विचारलंच नव्हतं.

मुलाला बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेलो. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत थोरल्या शेटनी गादीखालून लिफाफा काढून माझ्या हातात दिला. नवीन पनवेलमध्ये दुसरा गाळा घ्यायला मुलाला एकरकमी पैसे हवे होते आणि समजावून तो ऐकत नव्हता.

"जबान मी दिलीय, साहेब," ते म्हणाले. "त्या माणसाचा एक हप्ता चुकला नाही. चेक भरला असता तर माझा मुलगा बेईमान ठरला असता. त्यापेक्षा मी चोर ठरलेला बरा. पण तुम्ही त्या गरिबाला उचलाल, हे माझ्या ध्यानात आलं नाही. ती गलती माझी."

मुलगा मान खाली घालून उभा होता. मी त्याला त्याच्याच धंद्याच्या भाषेत विचारलं, चेक वटला नसता, या तक्रारीपायी त्याचा पासही गेला असता, मग उरलेले अकरा हप्ते तुला कोण देणार होतं? ठाण्यात येऊन त्यानं तक्रार मागे घेतली आणि बाकावर बसलेल्या ट्रेलरवाल्याची माफी मागितली. मीही मागितली. वर्दीत असताना ते जड जातं, पण मागितली.

करार म्हणजे कर्जदाराला दाखवलेली दया, असं मी समजत होतो. तो देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही एकमेकांसमोर ताठ मानेनं बसवतो, हे त्या दिवशी कळलं. आणि कागद शेवटपर्यंत वाचावा, हे मला हवालदार बाईंनी शिकवलं. त्यांचे, त्या म्हाताऱ्या शेटचे आणि माझ्यावर राग न धरणाऱ्या त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत.

निवृत्तीनंतर एके सकाळी ट्रेलरवाला पेढे घेऊन घरी आला. शेवटचा हप्ता फिटला होता. थोरल्या शेटनी चेक परत दिला आणि धाकट्यानं आपणहून चार नवे टायर उधारीवर देऊ केले होते. लिहून द्यायची गरज नाही, असंही वर म्हणाला होता.

"मग घेतलेस का?" मी विचारलं.

"घेतले की," तो म्हणाला. "पण सांगितलं, शेट, पयला कागद करा."