जांभळाला बांधलेली गाडी

नव्वद सालच्या आसपासचा एक रविवार... बोईसरला आमच्या भाड्याच्या खोलीसमोर, अंगणात, मी सकाळी सातपासून गाडीची पुढची चाकं काढून बसलो होतो. ब्रेक पॅड घरीच बदलायचे होते, तेही आयुष्यात पहिल्यांदा.

कारण गॅरेजवाला. पॅड झिजलेत म्हणाला. आठ महिन्यांपूर्वी त्यानेच नवे टाकले होते... की जुनेच घासून परत बसवले होते? मी डोळ्यांनी बघितलं नव्हतं, आणि न बघितलेलं मी मानत नाही.

पालघरच्या दुकानातून नवे पॅड आणले, तेव्हाही खोका तीनदा उलटापालटा करून बघितला. दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, नको असेल तर ठेवा." इतक्या सहज ठेवा म्हणतो म्हणून मी चौथ्यांदा बघितला.

दहा वाजता मासवणला निघायचं होतं, मेव्हण्याच्या साखरपुड्याला. बायको आणि चार वर्षांची मुलगी तयार होऊन बसल्या होत्या.

तेवढ्यात गिरजामावशी आल्या. दर रविवारी सातपाटीहून मासळी घेऊन यायच्या. त्या दिवशी टोपली उतरवून पायरीवर बसल्या आणि माझं काम बघत राहिल्या. कशाला बघत होत्या कोण जाणे... एक नट सापडेना तेव्हा माझी नजर आधी त्यांच्या टोपलीकडे गेली. नट माझ्याच मांडीखाली निघाला.

नवे पॅड जाड, बसेनात. मग पॅडना मागून रेटणारा ब्रेकचा पिस्टन क्लॅम्प लावून आत दाबला, तेव्हा बसले. चाकं चढवली, जॅक काढला. मी फॅक्टरीतला फिटर... काम चोख झालंय यात मला तिळभरही शंका नव्हती.

मायलेकी गाडीत बसल्या आणि मावशी उठून पुढे आल्या. "भाऊ, पोरीला उतरव. पयलं बांधून चालव."

मला कळेना. "आमच्यात बोटीचं इंजिन उगडलं का पयल्यांदा दोर बांधूनच चालू करतात. मंग सोडतात," त्या म्हणाल्या.

राग आला. गाडी काय बोट आहे? आणि ही बाई एवढा हट्ट का करतेय... काही बघितलंय आणि सांगत नाहीये का? मी विचार करतोय तोवर बायको मुलीला घेऊन उतरलीसुद्धा. त्याचा आणखी राग आला.

मावशींनी विहिरीचा दोर आणला. एक टोक गाडीच्या मागच्या हुकाला, दुसरं अंगणातल्या जांभळाच्या झाडाला. शेजारीपाजारी दारात येऊन हसत होते. म्हटलं, होऊन जाऊ दे, बाईंची एकदा खात्री पटू दे.

आमच्या फाटकाबाहेर उतार, आणि उतार संपतो तिथे तारापूरचा रस्ता. शिफ्टच्या बसेस तिथून सुसाट जायच्या. गाडी हळूच पुढे घेतली, फाटकाशी ब्रेक दाबला... पेडल थेट तळाला गेलं. गाडी थांबलीच नाही.

हँडब्रेक नावापुरताच होता. पाय पेडलवर तसाच रुतलेला, पुन्हा दाबायचंही सुचेना. पुढची चाकं उताराला लागली... आणि मागून जोराचा हिसका बसला. दोर ताणला गेला, गाडी थांबली. खालून एक बस गेली.

चूक माझीच होती. पिस्टन आत दाबला की तो परत पॅडला येऊन टेकेपर्यंत पेडल चार-सहा वेळा मारायचं असतं. मी एकदाही मारलं नव्हतं. मग मारलं, तेव्हा पायाखाली ब्रेक घट्ट लागला. गाडी मागे अंगणात घेतली आणि उतरलो. मुलगी आईच्या कडेवरून दोराकडे बोट दाखवून हसत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

मावशी दोर सोडवत होत्या. मला म्हणाल्या, "तुज्यावर इस्वास नाय असं नाय रे. पयल्या फेऱ्यावर नाय." टोपली डोक्यावर घेतली आणि पुढच्या घरी गेल्या.

मी आयुष्यभर माणसांवर संशय घेत आलो. कामावर संशय घ्यावा, तोही माणसांच्या काळजीपोटी, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर गाडीचं काहीही काम केलं की पहिला फेरा मी एकट्यानेच मारला.

मावशींना थँक यू मात्र म्हटलं नाही. म्हटलं, ऐकलं तर पुढच्या रविवारी भाव वाढवतील... त्या गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. काल त्याच मुलीची मुलगी, माझी नात, गाडी शिकायला म्हणून माझ्या शेजारी बसली, तेव्हा त्यांची फार आठवण आली. मावशी, ही पोर तुमच्यामुळे आहे.