लाँड्रीत चिडीचूप

शाळेच्या शेवटच्या दिवशी पोरं दप्तरं फेकून उड्या मारतात, आणि नेमक्या त्याच दिवशी घडीवाली कपाळाला हात लावते. घडीवाली म्हणजे बाजारामागच्या मोठ्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालणारी बाई. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांच्या चादरी. दिवसाला किती, ते तिच्या खांद्यांना विचारा. नवरा ट्रकवर, आला तर आठवड्याने, नाहीतर पंधरवड्याने. घरात नऊ वर्षांचा थोरला आणि पाच वर्षांची धाकटी. धाकटीला सगळे भिंगरी म्हणत. का, ते तिला पाच मिनिटं सांभाळलेल्या कुणालाही सांगावं लागत नसे.

शेजारणीची मुलं उन्हाळी शिबिराला जायची. पोहणं, चित्रकला, वर एक टोपी. "अगं, तुझ्याही पोरांना घाल की!" शेजारीण म्हणायची आणि फीचा आकडा असा सांगायची, जणू काडेपेटीचा भाव. "आमच्यांना पाण्याची भीती वाटते हो," घडीवाली थाप मारायची. भीती तिलाच होती, आणि ती पाण्याची नव्हती. गेल्या सुट्टीत दोघांना घरात ठेवून बाहेरून कुलूप लावलं, तर थोरल्याने गॅस पेटवून बघितला. एक पडदा जळण्यावर निभावलं. त्यानंतर तिने कुलपाचं नाव काढलं नाही.

म्हणून यंदा ती दोघांना लाँड्रीत न्यायला लागली. चोरून, अर्थात. मुकादमाचा कायदा साधा होता: आत पोर दिसलं, की आईला घरचा रस्ता. या मुकादमाला पाठीमागे सगळे 'कडक कॉलर' म्हणत. त्याला हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. शर्टाबरोबर यालाही स्टार्च करतात, असं बायका म्हणायच्या.

धुतलेल्या चादरी ठेवायची एक कोठी होती, तिच्या मांडण्यांमागे पोरांचा मुक्काम. पहिला आठवडा चादरींत सापडलेल्या बटणांवर निघाला. दुसरा तुटक्या हँगरच्या धनुष्यांवर. साबणाचे फुगे दोनच दिवस चालले. तिसऱ्या दिवशी एक फुगा तरंगत तरंगत थेट मुकादमाच्या टेबलापर्यंत गेला आणि बाईची पाचावर धारण बसली. मुकादमाने तो पेन्सिलीने फोडला आणि इकडेतिकडे बघितलं. बस्स, तेवढंच. पण त्या दिवशी तिने ठरवलं, आता खेळ असा हवा, की ज्याला पैसा लागत नाही आणि ज्याचा आवाजही होत नाही.

तो खेळ म्हणजे चिडीचूप. दोघांनी लपायचं आणि हूं की चूं करायचं नाही. ज्याचा आवाज आधी, तो हरला. कुणी हाक मारली तरी 'ओ' द्यायची नाही.

"तू मारलीस तरी?" भिंगरीने विचारलं.

"मी मारली तरी."

"रडून मारलीस तरी?"

"तरीसुद्धा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जो गप्प राहील त्याला आइस्क्रीम."

अशी डोकेबाज बाई! पण पहिल्याच शुक्रवारी दोघंही दगडासारखी गप्प. म्हणजे दोन आइस्क्रीम. तेव्हा बाईने काय करावं? सुट्टीला पाच मिनिटं असताना गोड आवाजात म्हणाली, "संपला हं खेळ. मी हरले, या बाहेर!" पोरं धावत आली, तशी टाळ्या वाजवून म्हणाली, "हरलात! सुट्टी कुठे झालीय अजून?" थोरला रडला. भिंगरी रडली नाही. आईकडे नुसती बघत राहिली. घडीवालीला तेव्हा हसू आलं होतं.

पुढच्या मंगळवारची गोष्ट. अकराच्या सुमाराला ती कोठीत डोकावली. थोरला मांडणीखाली पालथा पडलेला, एक डोळा उघडा. भिंगरी दिसेना.

"कुठंय रे ती?"

थोरला गप्प. तिने त्याचा कान धरला. "खेळ गेला खड्ड्यात. कुठंय?"

"गाडीत गेली होती. मघाशी."

"कुठल्या गाडीत?"

"मळक्या."

मळक्या चादरींची चाकाची गाडी कोठीच्या दाराशी उभी असायची. आता ती तिथे नव्हती. घडीवालीने मान वळवून पाहिलं. गाडी पलीकडे मशीनपाशी होती, रिकामी, आडवी केलेली. मशीनवाले काका कपाळ पुसत होते. मोठं मशीन फिरत होतं.

ते मशीन माणूस उभा मावेल एवढं. काका आणि त्यांचा जोडीदार गाडी उचलून तोंडाशी धरायचे आणि सगळी गाठोडी एकदम आत लोटायचे. कोण बघतंय आत काय आहे? ती काचेच्या झाकणापाशी पळाली. आत फेस, पांढरं, पांढरं, परत पांढरं. आणि मग काचेला घासून काहीतरी पिवळं गेलं.

भिंगरीच्या अंगात आज पिवळा फ्रॉक होता.

भिंतीवर लाल बटण होतं. आग लागली तरच दाबायचं, असं प्रत्येकीला पहिल्या दिवशी बजावलेलं. तिने त्यावर दोन्ही हात आपटले. मशीनं थांबली, इस्त्रीचे रूळ थांबले, पंखेसुद्धा थांबले.

"अगं पोरी, काय केलंस हे?" काका धावले.

"उघडा! माझी पोर आहे आत!"

काकांचा चेहरा चादरीसारखा झाला. त्यांनी दांडा ओढला. "उघडायचं नाही गं. पाणी उतरल्याशिवाय झाकण सुटत नाही." त्यांनी खालचा नळ हाताने फिरवला. पाणी उतरायला लागलं. किती सावकाश उतरावं ते! काचेवरून फेस बोट बोट खाली सरकत होता आणि घडीवाली काचेला गाल लावून म्हणत होती, "भिंगरे, ओ दे. भिंगरे, ओ दे गं." मग तिला आठवलं, आपणच काय शिकवलंय ते. ती तिथेच ओल्यात बसली.

खट् झालं. काकांनी दोन्ही हातांनी चादरी ओढून बाहेर टाकल्या. पिवळं हाती आलं. एका हॉटेलचा टॉवेल. काकांनी कमरेपर्यंत आत शिरून चाचपलं. "नाही गं. कुणी नाही आत."

"मग कुठंय?"

"कोण कुठंय?" मागून आवाज आला. कडक कॉलर उभा होता.

आता लपवायचं काय उरलं होतं? तिने सगळं सांगून टाकलं: पोरं, कोठी, चिडीचूप, आइस्क्रीम.

"हाक मारा तिला," मुकादम म्हणाला.

"भिंगरे! खेळ संपला, मी हरले! ये बाहेर!"

कुठे काही हललं नाही. एवढ्या मोठ्या लाँड्रीत नळाचं ठिबकणं तेवढं ऐकू येत होतं.

"ती नाही येणार," थोरला हुंदके देत म्हणाला. "तू मागे पण असंच म्हणाली होतीस."

चाळीस माणसांसमोर पोराने आईचं माप काढलं. मुकादमाने बाईकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, घसा खाकरला आणि कोठीच्या दाराशी जाऊन, हजेरी घ्यायच्या आवाजात बोलला, "मी इथला मुकादम बोलतोय. भिंगरी जिंकली आहे. तिने बाहेर यावं."

मग छताजवळून, सगळ्यात वरच्या मांडणीवरून आवाज आला:

"शप्पथ?"

"शप्पथ," कडक कॉलर म्हणाला.

इस्त्रीच्या गरम चादरींच्या दोन थप्प्यांमधून डोकं वर आलं. "गाडीत घाण वास येत होता," ती म्हणाली. काकांनी शिडी लावून उतरवली, तेव्हा आईने आधी तिला मारलं, मग कवटाळलं, मग परत एक चापट दिली. भिंगरी अजिबात रडली नाही. ती जिंकली होती.

"उद्यापासून पोरं आत नकोत," मुकादम म्हणाला.

"मग ठेवू कुठे, साहेब?"

खिडकीबाहेरच्या ओट्याकडे बोट करून तो म्हणाला, "तिथे बसवा. आणि घडीचं टेबल खिडकीशी घ्या." मग मशीनवर डाफरायला निघून गेला.

त्या सुट्टीत मग सगळे खेळ ओट्यावर झाले. घडीवाली दर दोन चादरींमागे खिडकीतून हाक मारायची, "भिंगरे!" बाहेरून "ओ!" यायची. दिवसभर. बायका वैतागल्या, एकजण म्हणाली, अगं, त्यापेक्षा पोरीच्या पायाला दोरी बांध. घडीवाली हसायची आणि पुढची चादर घ्यायची.

एकदा दुपारी "ओ" यायला जरा उशीर झाला. बाहेर भिंगरीच्या तोंडात बिस्कीट होतं, दुसरं काही नाही. पण टेबलाच्या पलीकडची बाई सांगते, तेवढ्या वेळात घडीवालीच्या हातातली चादर जमिनीवर पडली होती, आणि ती उचलायला ती बराच वेळ वाकू शकली नाही.