सेन्सेईंच्या पदकाची फाईल

ओसाकातल्या एका विद्यापीठाच्या कचेरीत मी नोकरीला लागले, त्याच्या तिसऱ्या वर्षी साहेबांनी माझ्या टेबलावर एक जाड फाईल आणून ठेवली. एका निवृत्त प्राध्यापकांना सम्राटांच्या नावानं दिलं जाणारं पदक मिळावं, म्हणून शिफारस पाठवायची होती.

"जाहीर होईपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही. घरीसुद्धा," साहेब म्हणाले.

शिफारशीत शिक्षण संपल्यापासूनची प्रत्येक नोकरी तारखेसकट लिहावी लागते, एक महिनाही सुटलेला चालत नाही. आमच्या सेन्सेईंचे, म्हणजे या प्राध्यापक गुरुजींचे, चक्क आठ महिने सुटले होते.

विचारायला मी त्यांच्या घरी गेले. सेन्सेई चहाच्या कपात बघत राहिले. "तेव्हा मी काही विशेष करत नव्हतो," ते पुटपुटले.

"विशेष नाही कसं?" त्यांच्या पत्नी आतून आल्या. "माझ्या वडिलांचं सार्वजनिक स्नानगृह होतं. डॉक्टरेट हातात होती, नोकरी नव्हती, म्हणून हे तिथं पाणी तापवायला राहिले. रोज दुपारी लाकडं फोडायचे. तिथंच आमची ओळख झाली."

सेन्सेई कानापर्यंत लाल झाले. मग म्हणाले, "लिहा तुम्ही तसंच."

साहेबांनी ऐकून कपाळाला हात लावला. "संशोधनाची तयारी, असं लिहू या का?"

"ते खोटं होईल," मी म्हणाले. एरवी मी त्यांच्यापुढे ब्रही काढत नाही.

शेवटी त्यांनीच टोकियोला मंत्रालयात फोन लावला. फोनवरसुद्धा वाकून वाकून बोलत होते. "चालेल म्हणतात," त्यांनी सुस्कारा टाकला. "फक्त स्नानगृहाचं पूर्ण नाव हवंय."

पदकांची यादी छापून आली त्या सकाळी मी स्टेशनवरच पेपर उघडला आणि नाव दिसताच नवऱ्याला फोन केला. "इतके महिने पोटात ठेवलंस?" तो थक्कच झाला.

समारंभानंतर सेन्सेई पत्नीसह पदक दाखवायला कचेरीत आले. साहेबांनी पदकाची पेटी दोन्ही हातांनी धरली आणि बराच वेळ परत दिलीच नाही.

"राजवाड्यात मला किमोनोत श्वास घेता येईना," सेन्सेईंच्या पत्नी सांगू लागल्या, "आणि हे सम्राटांसमोर इतके वाकले, की म्हटलं, आता उठतात की मीच उचलू!"

अख्खी कचेरी हसली. सगळ्यात मोठ्यानं सेन्सेई.