साहेबांच्या हस्ते

मिलिंद गांगुर्डे गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये गुलाबजाम खात होतो. बुधवार होता, आणि आमच्याकडे बुधवारी गोड असतं. सेकंड शिफ्टच्या बससाठी सिडकोतल्या घरून निघालेला माणूस गल्लीच्या कोपऱ्यावर खाली बसला आणि उठलाच नाही... त्रेचाळीस वर्षांचा. पाच आठवडे झाले, अजून माझ्या घशाखाली गोड उतरत नाही.

अंबडच्या आमच्या कंपनीचा लोक हेवा करतात. एसी बस, जेवणात साजूक तूप, मुलांना शाळेची पुस्तकं, वर्षातून एकदा सगळ्यांची नखशिखांत तपासणी. फक्त वर बसलेल्या माणसाला निर्णय घेता येत नाही आणि दुसऱ्याने घेतलेला खपत नाही. मोठे साहेब निम्मा महिना बाहेरगावी, आणि प्रत्येक गोष्ट त्यांच्याच हस्ते व्हायची. ऐन मे महिन्यात शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, थंड पाण्याचा कूलर आला आणि लाल रिबीन बांधून पंधरा दिवस नुसता उभा राहिला. मिलिंद मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. एका दुपारी त्याने खिशातून पक्कड काढली, रिबीन तोडली आणि बाटली भरून घेतली.

"अरे, मेमो मिळेल!" मी म्हणालो.

"मिळू दे ना. आपल्याकडं घाम पण साहेबांच्याच हस्ते पुसायचा का?"

मेमो मिळाला. नवी रिबीन बांधून आठवड्याने उद्घाटनही झालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

मी एचआरमध्ये, म्हणजे कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा. यंदा तपासणीचे रिपोर्ट आले ते सोनेरी अक्षरांत नाव छापलेल्या फायलींत, सीलबंद. आमच्या एचआरच्या मॅडमनी सांगितलं, वाटप वर्धापनदिनी, साहेबांच्या हस्ते. साहेबांच्या दौऱ्यामुळे वर्धापनदिन पुढे गेला, मग आणखी पुढे. फायली माझ्या कपाटात. मिलिंद दोनदा येऊन गेला. "माझी तेवढी देऊन टाक ना यार. हल्ली जिना चढताना दम लागतो. बाहेर कशाला दाखवत बसू, सगळं त्यात असंलच ना." मी म्हणालो, फायली मोजून ठेवल्यात, एक कमी झाली तर माझ्यावर येईल. तो हसला. "ऱ्हाऊ दे मग. तुझ्या नोकरीवर नको." रिबीन तोडणाऱ्या माणसाने माझ्यासाठी हात आवरता घेतला, आणि मला तेव्हा हायसं वाटलं. हे लिहिताना स्वतःची चीड येते.

शोकसभा मात्र ठरल्या वेळी झाली. साहेब आले, "गांगुर्डे म्हणजे आमच्या कुटुंबातले," असं म्हणाले, आणि ते आडनावही कागदावर बघून वाचलं. फोटो निघाले. त्या संध्याकाळी मी कपाट उघडून मिलिंदच्या फायलीचं सील फोडलं. पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलं होतं: ईसीजीत दोष, हृदयरोगतज्ज्ञांना ताबडतोब दाखवावे. तारीख तो जाण्याच्या सात आठवडे आधीची.

पुण्यानुमोदनाचा श्रद्धांजली-विधी झाल्यावर ती फाईल घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, संगीतावहिनी, महापालिकेच्या शाळेत शिकवतात. त्यांनी पान सावकाश वाचलं आणि तारखेशी थांबल्या.

"भाऊजी, इतके दिवस कुठं होती ही?"

"ऑफिसच्या कपाटात."

"कुलूप होतं?"

"हो."

"किल्ली कोणाकडं असते?"

"माझ्याकडे," मी म्हणालो.

फाईल मिटून त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "मग तुमच्याकडंच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मी शॉपमध्ये फिरून बाकीच्या सगळ्या फायली ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. कुणाला विचारलं नाही. मग मेमोची वाट बघत बसलो... तो आला नाही. साहेबांना तर आठवणही नव्हती. मॅडम तेवढ्या केबिनमधून डोकावल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, कपाट मोकळं झालं एकदाचं."

मोकळं कुठलं! वरच्या खणात मिलिंदची फाईल आहे.