चंबूवरचा हात

अथेन्सच्या कुंभारवाड्यातला तैसोन चितारी भारी तिरसट. फुलांच्या सणाला तीन वर्षांच्या पोरांना चंबू देतात, त्यावर तो पोरं रंगवायचा. माझ्या वेळी त्यानं आईला विचारलं, "पोरगा काय करतो?"

"रडतो!"

"मग रडकाच काढतो."

"मलाही काढा की, तैसोनकाका."

"बाई, एवढ्याशा चंबूवर तू मावशील का?"

भट्टीतून चंबू निघाला. काळ्या रंगावर भोकाड पसरलेला तांबडा मी, आणि कडेला मला उचलायला आलेला, कांकण घातलेला हात.

आई भडकली, "नुसता हातच?"

"रडणाऱ्याला तेवढाच दिसतो."

रडका काढला म्हणून मी कित्येक वर्षं त्या म्हाताऱ्यावर खार खाऊन होतो. आता दोघंही नाहीत. आईचा चेहरा नीट आठवत नाही. हात मात्र रोज दिसतो.