पहिला कप बेडकाचा

माझ्या आत्याएवढी हट्टी बाई अख्ख्या पनवेल तालुक्यात झाली नाही, आणि झालीच असेल तर ती एकदा आत्याकडे चहाला येऊन, कोपरापासून हात जोडून, मुकाट परत गेली असेल. मुंबईच्या एका इस्पितळात तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली ही बाई निवृत्त होऊन नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत राहायला आली, तेव्हा तिच्याबरोबर एक लोखंडी पलंग, दोन ट्रंका आणि एक मातीचा बेडूक होता. तपकिरी, मुठीएवढा, तोंडात नाणं धरलेला, आणि पाय तीनच. मी पनवेलला नोकरी लागली म्हणून तिच्याकडे राहायला गेले, तर माझी बॅग खाली ठेवायच्या आत तिनं आधी त्याची ओळख करून दिली. "हा चंद्रावरचा. आपल्या चंद्रावर ससा असतो, चिनी लोकांच्या चंद्रावर हा. आणि पाय तुटलेला नाही, मुळात तीनच आहेत, तेव्हा विचारू नकोस."

बेडूक तिला दिला होता तिच्या एका चिनी मैत्रिणीनं. इस्पितळाशेजारच्या दातांच्या डॉक्टरांची ती बायको. दवाखाना बंद करून दोघं कॅनडाला निघाली, तेव्हा त्या बाईंनी हा आत्याच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, परत येईन तेव्हा नेईन, तोवर याला रोज चहा दे. त्यांच्याकडे अशी जनावरं किटलीशेजारी बसवतात म्हणे, आणि आपण प्यायच्या आधी त्यांच्या अंगावर चहा ओततात. वर्षानुवर्षं चहा पिऊन पिऊन मातीला आतून तकाकी येते. साबण लावायचा नाही, कोरडं ठेवायचं नाही, मऊ ब्रशनं चोळायचं, आणि चहा कोरा, दूधसाखर वर्ज्य. आत्यानं हे सगळं डॉक्टरची चिठ्ठी पाळावी तसं पाळलं. बाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती, पत्रं यायचीही बंद झाली होती, पण सकाळी सहाला अख्ख्या पानांचा चहा व्हायचा, पहिला कप बेडकाच्या डोक्यावर, दुसरा आत्याचा. आम्हा सामान्य माणसांचा दुधाचा चहा त्यानंतर, आणि तोसुद्धा तिच्या मर्जीनं.

त्याच्यासाठी ती दुकानात दाढीचा ब्रश घ्यायला गेली, तेव्हा दुकानदारानं नको तितक्या गोडीनं विचारलं, "आत्या, कुणासाठी?" "बेडकासाठी. अगदी मऊ दाखवा, त्याची कातडी तुमच्यासारखी नाही." तळमजल्यावरच्या एका परोपकारी गृहस्थांनी शाडूचा चौथा पाय करून आणला, तर आत्यानं तो त्यांच्याच हातात परत ठेवला आणि म्हणाली, "तुम्हाला उपयोगी पडेल." करंजाहून मासे घेऊन येणारी कोळीण दारात टोपली टेकवून हा सोहळा बघायची आणि कपाळाला हात लावायची. "आमी पोरांना पन येवरी चाय नाय देत गो बाय! जिता हाय काय तो?" आत्या म्हणायची, "तुझ्या बोंबलांपेक्षा ताजा आहे." दोघी खो खो हसायच्या. सोसायटीत मात्र कुजबुज होतीच. नर्सबाई काहीतरी करणी करतात, बेडूक पाळतात. आत्याला कळलं तेव्हा तिनं बेडूक बशीत घालून खिडकीत ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

आणि मग माझं लग्न निघालं. कळंबोलीच्या लोखंडाच्या व्यापाऱ्यांचं घर, मुलगा इंजिनीअर, ते मला बघायला येणार म्हणून आईनं पेणहून येऊन चार दिवस आधीपासून घर डोक्यावर घेतलेलं. मुलाच्या आईच्या कानावर बेडूक गेला होता. आईनं आत्याचे अक्षरशः पाय धरले. "वन्सं, एक दिवस कपाटात ठेवा हो. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे." मला वाटलं, आता आई परतीच्या गाडीत बसते. पण आत्या माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं एक मलमलचं फडकं चहात भिजवून पिळलं, बेडकाला त्यात गुंडाळलं आणि कपाटात ठेवून दार लोटलं. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की त्यापेक्षा तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाहुणे आले. पोहे झाले, मी चहाचा ट्रे घेऊन आले, पहिला कप मुलाच्या आईपुढे ठेवला. मुलाच्या आईनं खोलीभर नजर फिरवली. "ते बेडकाचं काढून टाकलंत ना? बरं केलंत. आमच्याकडे असलं चालत नाही. आणि लग्नानंतर या आत्याबाईंचं फार येणंजाणं नको, बाई. एकट्या राहून माणूस जरा विचित्रच होतो." मुलगा बशीतले उरलेले पोहे चिवडत होता. मी आत्याकडे पाहिलं. मोठमोठ्या डॉक्टरांना वॉर्डाबाहेर काढणारी ही बाई मान खाली घालून पदराचा काठ सरळ करत होती! माझ्यासाठी! माझं डोकंच फिरलं. मी ट्रे टेबलावर आदळला, कपाट उघडलं, बेडूक आणून बरोबर मधोमध बसवला आणि मुलाच्या आईपुढचा कप उचलून त्याच्या डोक्यावर ओतला. "आमच्याकडे पहिला कप याचा असतो," मी म्हणाले. "थांबणार असाल तर दुसरा करते."

कोण थांबतंय! जिन्यावर चपला वाजल्या, आई मटकन खाली बसली, आणि आत्या उठली. मला वाटलं, आता पोटाशी धरते. "गधडे! दुधाचा ओतलास? साखरेचा? नऊ वर्षांची मेहनत माझी!" मग तीन दिवस आम्ही दोघी त्याला गरम कोऱ्या चहानं धूत होतो, आणि दाराशी मुंग्यांची रांग लागलेली. बाकीचा बेडूक पूर्वीसारखा झाला, पण डोक्यावर बोटाएवढी जागा निस्तेज राहिली. तिसऱ्या संध्याकाळी आत्यानं माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. "राहू दे आता. घासून घासून टक्कल पाडशील त्याला."

पुढे माझं लग्न झालं, बऱ्या माणसाशी झालं. आत्या गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बेडूक माझ्या ओट्यावर असतो, पहिला कप त्याचा, कोरा. अंग कसं लखलखतं, तेवढा डाग मात्र हटत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तिथं ब्रश जरा हलकाच फिरवते. त्या चिनी बाई कधी आल्याच आणि हे काय म्हणून विचारलंच, तर सांगायचं मी ठरवून ठेवलंय. आमची आत्या आयुष्यात एकदाच गप्प बसली, ती माझ्यासाठी. ही त्या दिवसाची खूण आहे, आणि बेडूक परत मिळणार नाही.