मानासेचे बारा पॉइंट सहा

आमच्या बेटावरच्या कोलोवाई गावात मानासेइतका दिखाऊ माणूस दुसरा नाही. व्होल्टमीटर खिशात घालून तो प्रार्थनेलाही येतो. कुणाची गाडी बंद पडली की हा न बोलावता हजर. बॅटरीच्या दोन टोकांना दोन तारा लावायच्या, आकडा मोठ्याने वाचायचा आणि छाती फुगवायची. त्यापलीकडे त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

यंदा चर्चची परिषद आमच्या गावात भरणार म्हणून सगळ्यांनी घरं रंगवली. मानासेने व्हॅन रंगवली. गंज नको म्हणून बोनेटच्या आतही निळा रंग फासला आणि त्यासाठी सोडवलेली बॅटरीची तार पुन्हा त्या रंगावरच आवळली.

शनिवारी त्याच्या लेकीला, लुपेला, ऑकलंडचं विमान गाठायचं होतं. सोमवारी नर्सिंग कॉलेजात हजर नाही झाली तर जागा जाणार, आणि रविवार देवाचा, त्या दिवशी आमच्याकडे विमान सोडा, कुदळही हलत नाही. व्हॅन नुसती टिकटिक करू लागली. बेकरीवाला फिनाऊ ट्रक घेऊन आला, तर मानासे म्हणाला, माझी पोर पावाच्या टोपल्यांत बसून जाणार नाही. आणि पुन्हा बोनेटमध्ये डोकं. बारा पॉइंट सहा, बॅटरी ठणठणीत. पुन्हा पुन्हा तेच. मला तर किळस आली.

शेवटी त्याची थोरली बहीण घरातून बाहेर आली, कालोलाइने तिचं नाव. आमच्याकडे मुलांच्या आत्याचा शब्द बापाच्या वरचा.

"मीटरची काळी तार बॅटरीवरून काढ, इंजिनाला लाव," ती म्हणाली आणि मला किल्ली फिरवायला लावली. आकडा धाडकन चारवर आला.

"रंगावर तार आवळलीस. वीज जाणार कुठून, तुझ्या डोक्यातून? खरवड तो रंग."

मानासेने रडवेल्या तोंडाने रंग खरवडला, तार आवळली. व्हॅन लगेच सुरू झाली. लगेच याचा भोंगा सुरू, लुपे, बॅग आण.

"ती कधीच गेली, फिनाऊच्या ट्रकमधून," कालोलाइने म्हणाली. "एव्हाना विमानात बसली असेल. मीच पाठवली."

"मला न भेटता?"

"तुझ्या पाठीमागे उभी होती ती. दोनदा बाबा म्हणाली. तू मान वर न करता म्हणालास, थांब, आकडा वाचतोय."